दर्याचं दर्याला

वर्सोव्यात बाई दोन दिवस गप्प बसली, तर तिसऱ्या दिवशी शेजारीण कपाळाला हात लावून ताप बघून जाते. एथेल नऊ वर्षं गप्प होती आणि तिच्या कपाळाला कुणी हात लावला नव्हता. लोक वाईट होते असं नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांनी तिची समजूत घातली, दुसऱ्या वर्षी तिचा नाद सोडला, आणि पुढे ती दिसली काय न दिसली काय, कुणाला फरक पडेनासा झाला. मासळी वाळवायच्या जागेवरून बायका एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरत असल्या आणि मधून एथेल पाटी घेऊन निघाली, तर त्या भांडण न थांबवता तिला वाट देत. साक्षीलासुद्धा तिला कुणी ओढत नसे.

तिचं बोलणं व्हायचं ते खडकाशी.

कोळीवाड्याच्या टोकाला, खाडी समुद्राला मिळते तिथे, अमावस्या-पुनवेच्या मोठ्या ओहोटीला काळ्या खडकांची एक रांग उघडी पडते. त्या खडकांना कालवं लागतात. कोयतीच्या टोकाने शिंपला उचकटायचा आणि आतला मऊ गर वाटीत काढायचा. या पाड्याची जुनी रीत अशी, की ज्या बाईचा नवरा दर्यात गेला तिला त्या रांगेतला एक खडक मिळतो. याला कागद नाही, सही नाही. पण दुसरीच्या खडकाला कोयती लावणारी बाई गावात उजळ माथ्याने फिरू शकत नाही. एथेलच्या वाट्याला आलेला खडक बसलेल्या म्हशीएवढा होता.

आधी ती तो घ्यायलाच तयार नव्हती. खडक घेतला म्हणजे नवरा गेला हे कबूल केलं. शेवटी पोटाने कबूल केलं, मनाने नाही.

सत्त्याहत्तर सालच्या सप्टेंबरात तिचा नवरा इसिडोर आणि त्याचा मेहुणा रोझारिओ एकाच होडीतून मासेमारीला गेले. होडी उलटी सापडली. रोझारिओ तिसऱ्या दिवशी पलीकडे मढच्या किनाऱ्याला लागला. त्याला आणून चर्चच्या मागे पुरला, वर क्रूस लावला, आणि त्याची बायको एडना पोटभर रडली. एडना म्हणजे इसिडोरची थोरली बहीण, एथेलची नणंद. इसिडोर मात्र लागलाच नाही. मढला नाही, मनोरीला नाही, कुठेच नाही. एथेलने रडायचं ते कशाकडे बघून?

एकोणऐंशीत एडना तिच्या दारात येऊन म्हणाली, "दोन वर्षं झाली गो. त्याच्या नावानं फादरना मिस्सा सांगू, शांतीची प्रार्थना. आत्मा अडकून राहिला असंल."

"मिस्सा मेलेल्याची सांगतात," एथेल म्हणाली. "तो मेला हे तुला कोणी सांगितलं?"

"माजा नवरा त्याच होडीत होता."

"तुजा तुला मिळाला. माजा मिळू दे, मंग बघू."

झालं ते एवढंच. पण एडना जी पाठ फिरवून गेली, ती परत त्या दारात आली नाही, आणि एथेलही तिच्या दारात गेली नाही. दोघींच्या घरांत एक भिंत, दोघींच्या खडकांत वीस पावलं, आणि अबोला सात वर्षांचा. दरसाल एकवीस सप्टेंबरला, होडी बुडाली त्या तारखेला, एडना काळी साडी नेसून मढच्या होडीत बसलेली एथेलला खडकावरून दिसायची. रोझारिओ जिथे लागला तिथे मेणबत्ती लावायला जात असेल, असं एथेल समजायची. तिला तिचा हेवा वाटायचा. निदान जायला जागा तरी होती.

सासू असती तर तिने दोघींना कान धरून समोरासमोर बसवलं असतं. पण ती आधीच गेली होती, आणि जाताना मुलीला आणि सुनेला एकच शिकवण देऊन गेली होती: दर्याचं दर्याला, आपलं आपल्याला. जाळ्यात किंवा पाटीत जे नको ते येईल, रिकामे शिंपले, मासळीची पिल्लं, शेवाळ, ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, वाळूत फेकायचं नाही. पाण्यापर्यंत जायचं आणि आपल्या हाताने परत द्यायचं. आपण त्याचं त्याला दिलं, की तो आपलं आपल्याला देतो. पुरावा म्हणून ती सासऱ्याच्या वल्ह्याची गोष्ट सांगायची. वादळात गेलेलं वल्हं चौथ्या वर्षी पाड्यासमोर येऊन लागलं, वर कोरलेल्या क्रुसासकट. ते वल्हं अजून एथेलच्या घरात आढ्याला होतं.

वल्ह्याला चार वर्षं लागली. माणूस वल्ह्याहून मोठा, त्याला जास्त लागतील. हे एथेलने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण लोक काय म्हणतील हे न कळण्याइतकी ती वेडी नव्हती. पण नऊ वर्षांत तिने दर्याचा एक शिंपला ठेवून घेतला नाही. गुडघाभर पाण्यात जाऊन पाटी रिकामी करायची, हात धुवायचे आणि जरा वेळ थांबायचं. त्या जरा वेळासाठीच ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर खडकाच्या पाठीवर नवं शेवाळ दिसलं. नेहमीचं शेवाळ केसांसारखं, बुळबुळीत, कडक उन्हात वाळून जाणारं. हे पोपटी, जाड, देठादेठाला बारीक मण्यांचे घोस. दिसायला इतकं देखणं, की पहिल्या दिवशी एथेलने त्याला हात लावला नाही. पंधरा दिवसांत तळहाताएवढं होतं ते सुपाएवढं झालं. तेव्हा तिने ते कोयतीने खरवडलं, तुकडे पाटीत भरले आणि रीतीप्रमाणे ओहोटीच्या पाण्यात सोडून दिले.

पुढच्या अमावस्येला ते खडकाच्या चारी बाजूंना होतं.

पाहुणा घरमालक होऊन बसला. त्याच्या मुळांत गाळ अडकायचा आणि गाळाखाली कालवं गुदमरायची. शिंपला उचकटला तर आत गराऐवजी काळा चिखल. नवी कालवं धरतात ती उघड्या दगडावर, आणि उघडा दगडच उरला नाही तर बी बसणार कुठे? कपारीतले खेकडे निघून गेले. मासे त्या शेवाळाला तोंड लावत नव्हते. ओहोटीला एक बगळा यायचा, एथेलपासून चार हातांवर उभा राहायचा, दोघं आपापलं काम करायची. तोही यायचा थांबला. कालवं गेली त्यापेक्षा तो बगळा गेल्याचं तिला जास्त लागलं.

मग ती इरेला पेटली. दर उधाणाच्या ओहोटीला पहाटे खडकावर, सांजेला परत खडकावर. जितकं खरवडावं तितकं ते फोफावत होतं, आणि जितकं फोफावेल तितकं ती जास्त खरवडायची. पाटीमागून पाटी दर्याला परत. बोटांची सालं निघाली. पंच्याऐंशी संपेपर्यंत शेजारचा एडनाचा खडकही हिरवा झाला. पाड्यात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं परदेशी जहाजांच्या बुडाला चिकटून आलं, कुणी म्हणालं पाड्यात पाप वाढलं. पाप म्हटल्यावर चार नजरा एथेलच्या दाराकडे वळल्या. ज्याची मिस्सा झाली नाही त्याचा आत्मा दर्यात फिरतो, तो असं काहीतरी करणारच.

शहाऐंशीच्या जानेवारीत एक पोरगी खडकावर आली. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात रबरी चपला, हातात तारेची चौकोनी चौकट. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा आपटली. तिसऱ्यांदा पडणार, तेवढ्यात एथेलने तिचा दंड धरला.

"टाच नको टेकवू. आधी बोटं टेकव."

महिन्याभरात एथेल एका दमात इतकं बोलली नव्हती.

पोरीचं नाव वनमाला. मूळची मालवणकडची, राहायला अंधेरीला चाळीत, वडील गिरणीच्या संपापासून घरी बसलेले. अंधेरीच्या कॉलेजात ती या शेवाळाचा अभ्यास करत होती. चौकट खडकावर ठेवायची आणि तिच्या आत जिवंत कालवं किती, मेलेली किती, ते वहीत लिहायचं.

"मोजून काय होतं?" एथेलने विचारलं.

"किती मेली ते कळतं ना, मावशी."

"ते मी न मोजता सांगते."

"मग सांगा की. मी लिहून घेते."

आणि एथेल सांगू लागली. कुठल्या बाजूला कालवं मोठी, कुठल्या कपारीत खेकडे, कुठल्या वर्षी काय कमी झालं, बगळा कधीपासून येईना. वनमाला खरोखरच लिहून घ्यायची, मध्येच थांबवून परत विचारायची. आपण बोललेलं कुणी कागदावर उतरवतंय हे एथेलला नवीन होतं. पुढच्या ओहोटीला ती बाटलीत चहा घेऊन आली, दारातल्या डब्यातला पुदिना घातलेला. त्यानंतर ती अमावस्या-पुनवेची वाट दोन कारणांनी बघू लागली.

फेब्रुवारीत एकदा वनमालाने विचारलं, "हे काढलेलं शेवाळ कुठे टाकता?"

"टाकत नाय. दर्याला परत देते."

वनमालाचं पेन थांबलं. पाटीतले दोन-चार तुकडे तिने पिशवीत भरून घेतले आणि गेली.

मार्चच्या पुनवेला ती आली ती चौकट न घेता. खडकावर बसली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या दारातला तो पुदिना, तो कसा लावलात?"

"काडी खोचली. आणखी काय करतात?"

वनमालाने पिशवीतून हॉर्लिक्सची बाटली काढली. आत समुद्राचं पाणी, तळाशी एक रिकामा शिंपला. शिंपल्यावर पोपटी शेवाळ उभं होतं, मण्यांच्या घोसांसकट, आणि त्याच्या पांढऱ्या दोऱ्यांसारख्या मुळ्यांनी शिंपला घट्ट धरला होता.

"हा तुमच्या पाटीतला तुकडा. बोटाच्या पेराएवढा होता. हे मेलं नव्हतं, मावशी. तुकडा पाण्यात पडला की जिथे लागेल तिथे धरतो."

एथेल बाटलीकडे बघत राहिली. मग तिने खडकांच्या रांगेकडे बघितलं. ओहोटीचं पाणी तिच्या खडकाला वळसा घालून कुठे जातं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ते एडनाच्या खडकावर जातं. पहिलं शेवाळ कुणीही आणलेलं असो, एडनाच्या खडकावर ते तिने स्वतःच्या हाताने, पाट्या भरभरून नेऊन सोडलं होतं.

"मग काय करायचं?" तिने विचारलं.

"मुळासकट काढायचं, तुकडा न सांडता. आणि जमिनीवर नेऊन उन्हात वाळवायचं. सगळं जाईलच असं नाही, आमचे सर म्हणतात. पण पाण्यात टाकलं तर नक्की वाढणार."

"जमिनीवर म्हणजे? घराशी?"

"हो, घराशीच. नाहीतर कुठे?"

एथेल उठली. "तू जा पोरी."

"मावशी, मी तुम्हाला दोष देत नाही..."

"जा म्हटलं ना. चौकटीत मोजायला येतेस. तुला काय ठाऊक मी काय देते आन् कशासाठी देते?"

वनमाला गेली. बाटली खडकावरच राहिली. भरती चढू लागली तेव्हा एथेलला ती उचलावी लागली, कारण तिथे ठेवली तर फुटून ते पाण्यातच जाणार. घरी आणून तिने ती उंबऱ्याबाहेर ठेवली. पंधरा दिवस येता-जाता ती दिसत होती. कोंब वाढत होता.

नऊ वर्षं दिलं आणि आता हात आखडता घेतला, तर दर्या तरी इसिडोरला का देईल? एथेलला पंधरा दिवस दुसरं काही सुचलं नाही. पाट्या थांबवायच्या म्हणजे वाट बघणं थांबवायचं, आणि वाट बघणं सोडून तिच्याजवळ होतं काय? एक खडक, तोही आजारी.

एप्रिलच्या अमावस्येला ती उजाडताना खडकावर गेली. मुळासकट, हळूहळू, पाटीभर शेवाळ काढलं. मग सवयीने पाय पाण्याकडे वळले. गुडघाभर पाण्यात ती पाटी घेऊन उभी राहिली. हात उचलला जाईना, आणि मागेही फिरता येईना.

तेवढ्यात कोयतीचा आवाज आला. वीस पावलांवर एडना आपला खडक खरवडत होती. साठी उलटलेली बाई, गुडघे धरून वाकत होती. तिची पाटी भरली. ती पाण्याकडे निघाली आणि जाता जाता पुटपुटली, "दर्याचं दर्याला, आपलं आपल्याला." तिचीच आई ती, तिनेच शिकवलेलं. एडनाच्या खडकावरून ओहोटीचं पाणी पुढे द्रौपदीच्या खडकाकडे जात होतं. द्रौपदीचा नवरा गेल्या साली गेला होता. घरात तीन लहान पोरं, आणि तिच्या खडकावर अजून हिरवा ठिपकासुद्धा नव्हता.

"एडनाबाय," एथेल म्हणाली, "टाकू नको."

एडनाने आधी मागे वळून बघितलं, दुसरं कोण बोललं म्हणून. मग एथेलकडे बघितलं.

"ते मरत नाय," एथेल म्हणाली. "पुदिन्यासारखं हाय. तुकडा जिथं लागंल तिथं उगवतं. तुज्या खडकावर आलं ते माज्या हातानं आलं. दीड वर्ष मी पाट्या सोडत होते, त्या तुज्याकडं येत होत्या. मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं."

एडना पाटी धरून तशीच उभी राहिली. ती ओरडली असती तर एथेलला बरं वाटलं असतं. एडना मागे फिरली, खडकावर बसली आणि पाटी मांडीवर घेतली.

"म्हंजे आईनं सांगितलं ते खोटं?"

"आईला हे शेवाळ ठाऊक नव्हतं."

एडनाने मान हलवली. मग दर्याकडे बघत म्हणाली, "आन् तो?"

एथेल पाटी घेऊन पाण्यातून आली आणि एडनाच्या खडकाच्या कडेला टेकली.

"तू काय समजतेस, मला कळत नव्हतं?" एडना म्हणाली. "वल्ह्याची गोष्ट मीपण ऐकलीय. तू पाटी रिकामी करून थांबायचीस ना, मी इथून बघायची. आन् मीपण माजी पाटी टाकून थांबायची. भाऊ होता माजा."

"मंग मिस्सा कशाला सांगू म्हणालीस?"

"आला तर घरी येऊ दे, नाय आला तर सुटू दे. दोन्ही मागितलं. तू नको म्हणालीस म्हणून आपल्या चर्चमधी नाय सांगितली, तुज्या कानावर नाव पडू नाय म्हणून. मढला जाऊन सांगते. दर वर्षी."

एकवीस सप्टेंबर, काळी साडी, मढची होडी. सात वर्षं एथेल आपल्या खडकावर बसून त्या होडीचा हेवा करत होती, आणि होडी तिच्याच माणसासाठी जात होती. एडना त्या अनोळखी चर्चमध्ये एकटी गुडघे टेकत होती, आणि एथेल इथे एकटी पाण्यात उभी होती. दोघी मिळून एकदा रडल्या असत्या, तर दोघींचं ओझं हलकं झालं असतं. एथेलला स्वतःचा राग आला, आणि मग रडू आलं, नऊ वर्षांचं. एडनाने तिला थांबवलं नाही. ती फक्त सरकून तिच्या बाजूला बसली.

ऊन वर आलं तेव्हा दोघींनी पाट्या डोक्यावर घेतल्या आणि वाळूतून पाड्याकडे चालू लागल्या. मासळी वाळवायच्या जागेवर नेहमीचं भांडण रंगात आलं होतं. शेवाळाच्या पाट्या घराकडे निघालेल्या बघून ते भांडण थांबलं. कुणीतरी म्हणालं, "ह्यांना येड लागलं काय?" एडनाने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

एथेलच्या अंगणात इसिडोरचे जाळी वाळवायचे बांबू नऊ वर्षं रिकामे उभे होते. तिने आणि एडनाने शेवाळ त्यांच्यावर पसरलं. उंबऱ्याबाहेरची बाटली उघडून पाणी पुदिन्यापासून लांब धुळीत ओतलं, आणि तो कोंबही बांबूवर टाकला. दुपारपर्यंत शेवाळाचा पोपटी रंग गेला आणि मणी चुरमडून काळे पडले. दोघी दारात बसून बघत होत्या.

"मिस्सेला फादर नाव कसं घेतात?" एथेलने विचारलं.

"जसं सगळ्यांचं घेतात तसं."

"तरी पण, कसं?"

एडनाने तिच्याकडे बघितलं आणि सांगितलं. दोनच शब्द होते. एथेलने ते आधी मनातल्या मनात म्हणून बघितले. मग शेवाळाच्या वासाने भरलेल्या हाताने तिने क्रुसाची खूण केली आणि मोठ्याने म्हटले.

"ख्रिस्तवासी इसिडोर."